समुद्रातल्या पाहुण्यांची कुळकथा

आपल्या बांधावर, पडीक रानात आणि रेल्वेच्या रुळांकडेला पांढऱ्या फुलांचे एक झुडूप मुबलक वाढते. मराठीत आपण त्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो आणि आपले तेलुगू शेजारी त्याला 'वय्यारी भामा' म्हणतात. नाव मोठे नखरेल आहे, पण गुण तसे नाहीत. अंगाला खाज, नाकाला शिंका आणि पिकाला जाच! हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात १९५० च्या दशकात ते लोकांच्या नजरेत भरले आणि पुढे काही दशकांत देशभर पसरले. ते आपल्या डोळ्यांदेखत वाढते, म्हणून निदान आपल्याला दिसते तरी. घाणेरी दिसते, तळ्यावरची जलपर्णीही दिसते. परंतु असेच बिनबोलावलेले पाहुणे समुद्राच्या पाण्याखाली शिरले तर ते कोणाला दिसणार? आणि दिसले तरी ओळखणार कसे?

वाचकहो, आदिलाबादच्या माणसाने समुद्राची चिंता कशाला करायची, असे कोणी म्हणेल. मी भूगोल शिकवतो, तेव्हा नकाशावर बोट ठेवूनच उत्तर देतो. आपली पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या गावचा ओढा शेवटी समुद्राचाच पाहुणा आहे. शिवाय या लेखाच्या शेवटी आपल्या लक्षात येईल की समुद्रातला प्रश्न आणि आपल्या आठवडी बाजारातल्या मासळीच्या टोपलीतला प्रश्न हे एकाच माळेचे मणी आहेत.

जहाजाच्या पोटातले पाणी

माल उतरवून रिकामे झालेले जहाज पाण्यावर फार वर येते आणि लाटांत डोलू लागते. त्याचा तोल राहावा म्हणून बंदरातलेच पाणी पंपाने त्याच्या टाक्यांत भरतात. याला 'बॅलास्ट' पाणी म्हणतात. या पाण्याबरोबर मासे, खेकडे आणि शिंपले यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लेही आत जातात. हजारो किलोमीटर दूरच्या बंदरात माल भरताना हे पाणी बाहेर सोडले जाते आणि बिनतिकिटाचे प्रवासी तिथे उतरतात. काही जीव जहाजाच्या बुडाला बाहेरून चिकटूनही येतात.

आपल्या देशातले याचे ठळक उदाहरण म्हणजे 'मायटिलॉप्सिस सॅली' या शास्त्रीय नावाचा एक छोटा शिंपला. बोटाच्या पेराएवढा हा जीव मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा. १९६७ मध्ये तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला. पुढे १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीतही त्याची नोंद झाली. हा शिंपला लवकर वयात येतो, असंख्य पिल्ले सोडतो आणि खाऱ्या पाण्यात जगतो तसाच मचूळ पाण्यातही जगतो. जहाजांची बुडे, नळ, खांब, दोर अशा जे मिळेल त्यावर त्याचे थर चढतात.

हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या नौकातळांवर सापडला. तिथल्या सरकारने वेळ दवडला नाही. दरवाजे बंद करता येतील असे तीन नौकातळ बंद केले आणि पाण्यात क्लोरीनचे द्रावण व मोरचूद मिसळले. शिंपल्यांबरोबर आतले इतरही जीव मेले. वीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले, पण शिंपला समूळ नष्ट झाला. आपल्याकडे मात्र तो कायमचा वस्तीला राहिला. डार्विनमध्ये तो काही महिन्यांतच ओळखला गेला आणि बंद जागेत सापडला, हाच काय तो फरक. या विषयात 'वेळेवर ओळख पटणे' याला किती मोल आहे ते यावरून कळावे.

दिसते तसे नसते

ओळख पटवणे हे काम वाटते तितके सोपे नाही. शिंपल्यांची पिल्ले एकमेकांसारखी दिसतात. एकाच जातीचे कवच एका ठिकाणी काळे, दुसऱ्या ठिकाणी तपकिरी, तर तिसऱ्या ठिकाणी हिरवे असते. नुसत्या रंगरूपावर भिस्त ठेवून भल्याभल्या जाणकारांची फसगत होते. सिंगापूर आणि मलेशियाच्या किनाऱ्यांवर मायटिलॉप्सिसचे दोन वेगवेगळे परके प्रकार राहत होते आणि दोघांची सरमिसळ होत होती. डीएनए तपासल्यावर ते निरनिराळे असल्याचे स्पष्ट झाले.

केरळची गोष्ट तर पोटाशी निगडित आहे. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात शेकडो कुटुंबे तिसऱ्यांसारखे शिंपले काढून जगतात. शाश्वत पद्धतीने मासेमारी केल्याबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या व्यवसायाला २०१४ मध्ये मिळाले. असा मान मिळवणारा तो भारतातला पहिला मासेमारी व्यवसाय होता. परंतु काही वर्षांतच तिथे एक अनोळखी शिंपला झपाट्याने पसरला. सरोवराच्या तळावर त्याची जणू चटई अंथरली गेली आणि जुन्या शिंपल्यांना जागा उरेना. कोळ्यांनी त्याला नाव दिले 'वरत्तन कक्का', म्हणजे परगावचा शिंपला. २०१९ मध्ये केरळच्या संशोधकांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. हा होता 'मायटेला स्ट्रायगाटा', मध्य व दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांचा रहिवासी. सिंगापूरमध्ये आदल्याच वर्षी डीएनएच्या आधारे त्याची ओळख पटली होती, त्यामुळे आशियात तो शिरल्याचे जगाला ठाऊक झाले होते.

पुढे चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर ते पुलिकत सरोवर या भागातही त्याने ठाण मांडले. कोळंबी जिथे चिखलात राहते, तिथे या शिंपल्यांचा थर पसरला. हातांनी चाचपून कोळंबी पकडणाऱ्या गरीब कोळ्यांचे हाल झाले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. ज्याचे नावही कालपर्यंत कोणाला माहीत नव्हते, अशा जिवाने माणसांच्या चुली थंड कराव्यात, ही काही छोटी बाब नव्हे.

प्रधानांची किकरी आणि जनुकांची किकरी

आता डीएनए म्हणजे नेमके काय पाहतात, ते समजून घेऊ. आपल्या जिल्ह्यात गोंड कुळांचा इतिहास प्रधान मंडळी किकरीच्या साथीवर सांगतात. कोणते कूळ कोठून निघाले, कोठे थांबले, कोणाचा कोणाशी संबंध, हे पिढ्यान् पिढ्या त्यांच्या मुखी असते. प्रत्येक सजीवाच्या पेशीतही अशीच एक कुळकथा चार अक्षरांत लिहिलेली आहे. तिचे नाव डीएनए. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ती उतरवली जाताना क्वचित एखादे अक्षर बदलते. हजारो पिढ्यांत असे बदल साठत जातात. दोन जिवांच्या कथेत फरक थोडा असेल तर नाते जवळचे आणि फरक जास्त असेल तर नाते दूरचे.

सगळी पोथी वाचायची तर खर्च फार. म्हणून कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये एक युक्ती सुचवली. प्राण्यांच्या पेशीतील मायटोकॉन्ड्रिया या भागात एक ठरावीक जनुक असते. त्यातील सुमारे ६५० अक्षरेच वाचायची. बहुतेक प्राण्यांत हा भाग आईकडूनच मुलांकडे येतो आणि जातीजातीत तो वेगळा असतो. दुकानातल्या वस्तूवरील उभ्या रेघांची पट्टी जशी मालाची ओळख देते, तशी ही अक्षरे जातीची ओळख देतात. म्हणून या पद्धतीचे नाव पडले 'डीएनए बारकोडिंग'. माशाच्या पंखाचा तुकडा किंवा शिंपल्याचे चिमूटभर मांस एवढ्यावर काम भागते. अगदी अंडे किंवा पिल्लू असले तरी चालते.

आपल्या मराठी मुलखाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे याच पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंग केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. तेथील डॉ. गुलाब खेडकर आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास समुद्राचा नसला तरी थेट आपल्या ताटाशी भिडणारा आहे. देशी मांगूर म्हणून बाजारात जो मासा विकला जातो तो खरोखर देशी असतो का, हे त्यांनी डीएनएवरून तपासले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, देशी मांगुराच्या नावाखाली आफ्रिकन मांगूर फार मोठ्या प्रमाणात विकला जातो. यालाच आपल्याकडे 'थाई मांगूर' म्हणतात. हा हावरा मासा इतर मासे फस्त करतो म्हणून केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. तरीही महाराष्ट्रात आणि तेलंगणात त्याची चोरटी तळी अधूनमधून उघडकीस येतात. नाव देशी, माल परदेशी! कातडी सोललेल्या, तुकडे केलेल्या माशाची जात डोळ्यांनी कळत नाही, पण डीएनएपुढे सोंग टिकत नाही.

गुन्हेगाराचा माग, निरपराध्याची सुटका

'कोण आहेस' या प्रश्नानंतर 'कोठून आलास' हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर मिळाले तर पुढची वाट अडवता येते. भूमध्य समुद्रात १९८४ च्या सुमारास मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर 'कॉलर्पा' नावाच्या हिरव्यागार शेवाळाचा छोटासा ठिपका दिसला. काही वर्षांतच ते हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरले. ते आले कोठून, यावर बराच वाद झाला. १९९८ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवले की हे शेवाळ युरोपातील मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवल्या जाणाऱ्या वाणाशी जुळते. मग २००० मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत तसेच शेवाळ आढळले. डीएनए पाहताच तोच वाण असल्याचे कळले. युरोपात झालेले नुकसान समोर होतेच. लगेच शेवाळावर प्लास्टिकची आच्छादने टाकून आत क्लोरीन सोडण्यात आले. सत्तर लाखांहून अधिक डॉलर खर्चून २००६ मध्ये ते संपल्याचे जाहीर झाले. त्याचबरोबर कॉलर्पा विकण्याविरुद्ध, बाळगण्याविरुद्ध आणि पाण्यात सोडण्याविरुद्ध नियम आले. दोष जहाजांचा नव्हता, फिशटँक रिकामा करणाऱ्या हातांचा होता, हे जनुकांनी सांगितले.

दुसरे उदाहरण युरोपातल्या हिरव्या खेकड्याचे. तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १८१७ पासून आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी तो कॅनडाच्या थंड पाण्यातही पसरू लागला, तेव्हा जुनाच खेकडा हळूहळू उत्तरेला सरकला असा समज होता. जो रोमन या शास्त्रज्ञाने २००६ मध्ये जनुके तपासून निराळेच सत्य मांडले. थंडी सोसणाऱ्या उत्तर युरोपीय वंशाचे खेकडे नव्याने येऊन दाखल झाले होते. म्हणजे चोर एकदा येऊन गेला आणि आता घर सुरक्षित आहे, असे मानून चालत नाही. दार उघडे असेल तर त्याचे भाऊबंद पुन्हा येतात आणि नव्या रक्ताने जुन्या वस्तीचे बळ वाढते.

तिसरी गोष्ट मात्र डोळे उघडणारी आहे. 'कॅरिजोआ' नावाचे पांढऱ्या फुलोऱ्यासारखे दिसणारे मऊ प्रवाळ हवाई बेटांवर १९७२ मध्ये नोंदले गेले. ते कॅरिबियनमधून जहाजांबरोबर आले, असे सर्वांनी धरून चालले होते. दागिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काळ्या प्रवाळांचा ते गळा घोटते म्हणून त्याची मोठी बदनामी झाली. २०१० मध्ये जनुकीय अभ्यास झाला आणि हवाईचे प्रवाळ कॅरिबियनशी जुळेचना. त्याचे नाते हिंद व प्रशांत महासागराच्या प्रदेशाशीच निघाले. त्रास दिला हे खरे, पण कॅरिबियनवर घेतलेला आळ खोटा ठरला. पंचनामा न करता निकाल देऊ नये, हा धडा शास्त्रालाही घ्यावा लागला.

हंडाभर पाण्यात गावाची खबर

आता तर जीव पकडण्याचीही गरज उरलेली नाही. प्रत्येक जलचराच्या अंगावरची त्वचा, खवले, विष्ठा पाण्यात मिसळत असते आणि तिच्याबरोबर त्याचा डीएनएही. थोडेसे पाणी गाळून तो वेगळा काढता येतो. याला पर्यावरणीय डीएनए किंवा 'ई-डीएनए' म्हणतात. अमेरिकेत चंदेऱ्या म्हणजे सिल्व्हर कार्प माशाने नद्या व्यापल्या आहेत. आपल्या तलावांत आपण त्याचे बीज सोडतो, तोच हा मासा. तो शिकागोजवळच्या कालव्यांत कोठवर पोचला, हे जाळ्यात मासा येण्याआधी पाण्यातल्या डीएनएवरून कळले.

आपल्या राजधानीत, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत हेच तंत्र वापरले जाते. ओडिशाच्या चिलिका सरोवरातील पाण्यावरून तेथील जीवसृष्टीची मोजदाद करण्याची पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मांडली. याच संस्थेने फिशटँकमधल्या 'सकर' माशाचाही माग काढला. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक हा काटेरी, चिलखती मासा हौसेने आणतात आणि मोठा झाला की तलावात सोडून देतात. पूर्व घाटातील सुमारे ६० टक्के जलस्रोतांत तो पसरल्याचे या संस्थेला आढळले. महाराष्ट्रात उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यातही तो येतो. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि विकायला गेले तर कोणी घेत नाही.

अर्थात ही जादूची कांडी नव्हे. पाण्यात डीएनए सापडला म्हणजे जीव तिथे जिवंतच आहे असे नाही, तो दुसरीकडून वाहूनही आलेला असू शकतो. शिवाय जुळवून पाहायला आधीचा नमुना दप्तरी हवा. ज्या जातीची नोंदच नाही तिची अक्षरे वाचून उपयोग काय? आणि ओळख पटली तरी निर्मूलनाचे कष्ट माणसालाच करावे लागतात. म्हणूनच दार बंद करणे सर्वांत स्वस्त. बॅलास्ट पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये मंजूर झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. पाणी सोडण्यापूर्वी त्यातील जिवांचा बंदोबस्त करणारी यंत्रणा जहाजावर असावी, हे त्याचे सार. त्याआधी २००० ते २००४ या काळात जगातील सहा बंदरांत याविषयीचा पथदर्शी प्रकल्प झाला. त्यात मुंबईची निवड झाली होती आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बंदरातील जिवांची पाहणी केली होती.

परका म्हणजे वैरी नव्हे

येथे एका गोष्टीचा खुलासा करायला हवा. बाहेरून आलेले सारे वाईट, असा या शास्त्राचा अर्थ नाही. आपली ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. मिरची, टोमॅटो, भुईमूग आणि आपल्या डोंगरातले सीताफळ अमेरिका खंडातून आले, तर सोयाबीन पूर्व आशियातून. ही मंडळी आपल्या घरचीच झाली. उलट कोकणात चवीने खाल्ले जाणारे शिनाणे, म्हणजे आपला हिरवा शिंपला, १९९० मध्ये त्रिनिदादला आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडात पोचला. तिथल्या वीजकेंद्राच्या नळांत तो जाऊन बसला. आपल्याकडचा गुणी जीव तिकडे उपद्रवी ठरला! म्हणजे दोष जन्मगावाचा नसतो. ज्या ठिकाणी त्याला खाणारा कोणी नाही आणि ज्या वेगाने तो इतरांचा घास हिरावतो, तिथे प्रश्न उभा राहतो. चार भाषा शेजारी नांदणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हा भेद वेगळा समजावून सांगायला नको.

मग आपण काय करावे? फिशटँकमधला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्यावा, पैनगंगेत किंवा गावतळ्यात सोडू नये. जीव सोडल्याचे पुण्य लागेल ही समजूत इथे उपयोगाची नाही. स्वस्त मिळतो म्हणून थाई मांगूर घेऊ नये आणि कोठे त्याची तळी दिसली तर मत्स्य विभागाला कळवावे. मुलांना घेऊन एक काम मात्र जरूर करावे. गावातल्या जुन्या भोई आणि बेस्त मंडळींना आपल्या ओढ्यानद्यांतल्या माशांची मराठी, तेलुगू, गोंडी नावे विचारून वहीत उतरवावीत. कोणता मासा पूर्वी मिळे, कोणता आता मिळत नाही आणि कोणता नव्याने दिसू लागला, हेही लिहावे.

प्रयोगशाळेतले यंत्र अक्षरे जुळवून देईल, पण आपल्या पाण्यात मुळात कोण राहत होते ही आठवण त्या यंत्रात नाही, ती या म्हाताऱ्या माणसांपाशी आहे. घरची माणसे कोण हे ज्याला माहीत नाही, त्याला पाहुणा ओळखता येत नाही. ती यादी करायला डीएनए लागत नाही, एक वही आणि दोन निवांत संध्याकाळी पुरतात.